हैदराबादच्या कंपनी-भेटीला निघण्यापूर्वी

मराठवाड्यातल्या कॉलेजांतून आणि विद्यापीठ विभागांतून एमएस्सी, पीएचडीची मुलंमुली दरवर्षी हैदराबादच्या औषध कंपन्या बघायला जातात. गाडीचं बुकिंग आणि राहण्याची सोय विभाग बघतो. बाकीची तयारी मात्र ज्याची त्यानेच करायची असते. ही यादी त्यासाठी आहे. हेतू एकच धरा: ज्या कामासाठी उद्या अर्ज करणार, त्या कामाचा एक साधा दिवस कसा जातो, हे ते काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं.

निघायच्या महिनाभर आधी या शहरातल्या धंद्याचा इतिहास वाचून घ्या. आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि तिचा मोठा कारखाना हैदराबादेत आला. तिथे तयार झालेल्या माणसांनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या. १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज सुरू करणारे अंजी रेड्डी आधी तिथेच होते आणि त्यांची पीएचडी पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेतली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट न देता फक्त बनवण्याच्या पद्धतीवर दिलं. त्यामुळे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवणारे केमिस्ट इथे मोलाचे ठरले. २००५ पासून औषधावरही पेटंट मिळू लागलं, तरी प्रोसेस केमिस्ट्रीची ती ताकद टिकून आहे. एवढं माहीत असलं की सिंथेसिसवाल्या मुलांना इथे एवढी मागणी का, हे विचारावं लागत नाही आणि तो वेळ चांगल्या प्रश्नाला मिळतो.

मग ज्या कंपनीत जाणार ती नेमकं काय बनवते ते बघा. एपीआय, म्हणजे औषधातला मूळ घटक बनवणारी कंपनी वेगळी, गोळ्या-कॅप्सूल बनवणारी वेगळी, लस बनवणारी वेगळी आणि दुसऱ्यांसाठी संशोधन करून देणारी सीआरओ वेगळी. बायोटेकवाल्यांनी जीनोम व्हॅली या हैदराबादजवळच्या बायोटेक कंपन्यांच्या पट्ट्याची माहिती आधी काढावी. कोव्हॅक्सिनवाली भारत बायोटेक तिथलीच. त्या लशीसाठीचा विषाणू पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेत वेगळा काढला होता.

माजी विद्यार्थ्यांना गाठण्याचं काम निघायच्या निदान तीन आठवडे आधी करा. लिंक्डइनवर नुसतं ‘हाय सर’ टाकून गप्प बसू नका. आपलं नाव, विभाग, कोणत्या तारखांना येतोय आणि कोणत्या एका गोष्टीबद्दल विचारायचं आहे, हे चार ओळींत लिहा. ‘नमस्कार ताई, मी आपल्याच विभागातली, एमएस्सी अॅनालिटिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही क्यूसीतून रेग्युलेटरीत कशा गेलात ते समजून घ्यायचं आहे, वीस मिनिटं मिळतील का?’ अशा निरोपाला उत्तर येतं. (क्यूसी म्हणजे मालाचा दर्जा तपासणारा विभाग, रेग्युलेटरी म्हणजे सरकारी मंजुरीची कागदपत्रं बघणारा.) दोन-तीन वर्षं पुढे असलेल्याला दादा-ताई चालतं, पंधरा वर्षं पुढे असलेल्याला सर-मॅडमच म्हणावं. पहिल्याच निरोपात बायोडेटा जोडून नोकरी मागू नका. समोरचा माणूस अवघडतो आणि बोलणंच थांबतं.

कागदपत्रांत फार वेळ घालवायचा नाही, पण एकही विसरायचा नाही. विभागाच्या लेटरहेडवर सगळ्यांच्या नावांची यादी कंपनीला आधीच गेलेली हवी. जवळ मूळ ओळखपत्र, कॉलेजचं आयकार्ड आणि एका पानाचा बायोडेटा ठेवा. यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव सारखं आहे का, हे घरीच तपासा. गेटवर वाद घालून उपयोग होत नाही.

बूट पूर्ण बंद हवेत. सँडल घालून प्लांटमध्ये सोडत नाहीत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ त्या दिवशी खोलीवरच ठेवा. नेलपॉलिश, मेकअप, अत्तर नको. केस घट्ट बांधा, ओढणी-दुपट्टा टाळा. लेन्स वापरत असाल तर सॉल्व्हंटच्या भागात चष्माच बरा. फोन बहुतेक ठिकाणी गेटवर जमा होतो किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लागतं. स्टिकर नसलं तरी आतले फोटो काढायचे नाहीत. फळ्यावरची एखादी रिअॅक्शन किंवा बॅच नंबर स्टेटसवर गेला, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथे प्रवेश मिळणार नाही.

आत गेल्यावर सगळ्यांचं लक्ष मशिनकडे जातं. एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारी मशिनं, एका ओळीत मांडलेली बघून भारी वाटतंच. पण माझं सांगणं आहे, मशिनशेजारची वही बघा. आपल्याकडे प्रॅक्टिकलला रीडिंग कच्च्या कागदावर घेतात आणि घरी जाऊन जर्नल फेअर करतात. चुकलं की व्हाइटनर लावतात. क्यूसी लॅबमध्ये यातलं काहीच चालत नाही. आकडा जिथे नोंदवायचा तिथेच आणि त्याच वेळी नोंदवायचा. चुकला तर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि चूक का झाली ते. सुट्या चिठ्ठीवर रीडिंग लिहून ठेवणं हा तिथे गंभीर दोष धरतात आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेचे तपासनीस अशाच गोष्टी शोधत येतात. कॉम्प्युटरवरही कुणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते. म्हणून तिथल्या केमिस्टला हे नक्की विचारा: ‘निकाल मर्यादेबाहेर आला तर पुढे काय होतं?’ तो जी चौकशीची पद्धत सांगेल, त्यात त्याच्या नोकरीतला ताण, शिस्त आणि वरिष्ठांशी असलेलं नातं सगळं ऐकू येईल. निघायच्या आधीचे पंधरा दिवस आपल्या लॅबमध्ये अशीच वही लिहून बघा. मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

नोकरीचे प्रश्न विचारायला लाजू नका, फक्त योग्य माणसाला विचारा. एचआरला बाँड, प्रोबेशन आणि ट्रेनी म्हणून किती काळ ठेवतात ते विचारा. शिफ्टचं मात्र लॅबमधल्या ज्युनियरला विचारा: नव्या माणसाला रात्रपाळी किती, कंपनीची बस कुठपर्यंत येते, रात्री मुलींना घरापर्यंत सोडतात का. पगाराचा आकडा माजी विद्यार्थ्यांकडून एकांतात कळतो. पीएचडीवाल्यांनी एक जास्तीचा प्रश्न ठेवावा, की त्यांना कोणत्या पदावर घेतात आणि त्या पदावर स्वतःच्या हाताने प्रयोग किती होतात.

सुरक्षेचा प्रश्न वगळू नका. ३० जून २०२५ रोजी हैदराबादजवळच्या पाशमैलारमच्या एका कारखान्यात, औषधांना लागणारा कच्चा माल बनतो तिथे, स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत पोटासाठी परराज्यांतून आलेले कामगार बरेच होते. सुरुवातीचं सेफ्टीचं सत्र मन लावून ऐका, बाहेर पडायचे दरवाजे लक्षात ठेवा. नवी रिअॅक्शन मोठ्या रिअॅक्टरमध्ये नेण्यापूर्वी तिची उष्णता कोण मोजतं, हे विचारा. सरळ उत्तर देणाऱ्या कंपनीचं नाव वहीत अधोरेखित करा.

प्रवासाचं थोडक्यात. देवगिरी एक्स्प्रेसने जाणार असाल तर उतरायच्या दिवशी भेट धरू नका, गाडी उशिरा आली की गेटपासची वेळ हुकते. जीनोम व्हॅली शहराच्या उत्तरेला, शामीरपेटच्या पुढे आहे आणि पाशमैलारम पश्चिमेला, पटानचेरूच्या बाजूला. एका दिवसात ही दोन्ही टोकं जमत नाहीत आणि दोन्हींकडे मेट्रो जात नाही, बस ठरवावीच लागते. आयआयसीटी (रसायन) आणि सीसीएमबी (पेशी-जीवशास्त्र) या संशोधन संस्थांना मात्र मेट्रोच्या निळ्या लाइनवरचं तारनाका किंवा हबसीगुडा स्टेशन सोयीचं. तिथे गेलात तर जवळच्या उस्मानिया विद्यापीठात चक्कर मारा. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं, त्याआधी आपल्याकडची मुलं पदवीसाठी याच विद्यापीठाकडे बघायची. तुमच्यापैकी एखाद्याचे आजोबाही त्यांत असतील, घरी विचारून बघा.

त्याच रात्री, झोपण्याआधी, कोण भेटलं, काय म्हणालं, कोणतं काम आवडलं आणि कोणतं नकोसं वाटलं, हे लिहून काढा. दोन दिवसांत प्रत्येकाला आभाराचा निरोप पाठवा. त्यात त्यांच्या बोलण्यातली एखादी नेमकी गोष्ट असू द्या. त्यांनी एखादं सॉफ्टवेअर किंवा गाइडलाइन वाचायला सांगितली असेल तर ती वाचून महिन्याभराने परत दोन ओळी लिहा. जागा निघाली की विचारण्याची वेळ त्यानंतरची.