या चुका टाळा: धंद्याचा नियम बटणाच्या पोटात नको

गिरगावात उकडीचे मोदक विकणाऱ्या एखाद्या दुकानाचं ऑर्डर ॲप घेऊ. नियम तीनच. मोदक ३५ रुपयांना एक, ५०० रुपयांच्या वर घरपोच फुकट, नाहीतर ४० रुपये, आणि ऑर्डर किमान एक दिवस आधी. एवढे तीन नियम रिॲक्टच्या (वेबपानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) पंचवीस-तीस कंपोनंटमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या सुट्या तुकड्यांच्या कोडमध्ये, फोडणीच्या मोहरीसारखे उडालेले असतात. कुठे काय सापडेल, हे आता फाइल उघडायच्या आधीच सांगता येतं.

सजवलेला आकडा हिशोबात घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कार्ट कंपोनंट बेरीज करतो, तिथल्या तिथे टूलोकेलस्ट्रिंग लावून भारतीय पद्धतीचा स्वल्पविराम घालतो आणि तीच स्ट्रिंग (आकडा नव्हे, मजकूर) प्रॉप म्हणून खालच्या कंपोनंटला देतो. डिलिव्हरीच्या कंपोनंटला तुलनेसाठी आकडा हवा असतो, म्हणून तिथे कोणीतरी पार्सफ्लोट (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) लावतं. २१ मोदकांचे ७३५ होतात आणि डिलिव्हरी फुकट दिसते. डेव्हलपर खूश, कारण गणपती म्हटलं की सगळे २१ च टाकून बघतात. २८ मोदकांचे ९८०, तेही ठीक. २९ वा मोदक टाकला की रक्कम होते १,०१५. पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतो आणि हातात १ देतो. एक रुपयाची ऑर्डर! ५०० पेक्षा कमी, लावा ४० रुपये. १०१ मोदक मागवणाऱ्या मंडळाची ऑर्डर याच हिशोबाने तीन रुपयांची ठरते. ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये लाल अक्षर नाही, काही पडत नाही, फक्त दुकानाच्या मोठ्या गिऱ्हाइकालाच भुर्दंड बसतो.

यावर उतावळा उपाय ठरलेला: रिप्लेस लावून स्वल्पविराम काढून टाका. पुढच्या आठवड्यात डिझायनर आकड्याआधी रुपयाचं चिन्ह घालायला सांगतो. आता पार्सफ्लोट नॅन (‘हा आकडाच नाही’) देतो, आणि ‘नॅन ५०० पेक्षा मोठा आहे का’ याचं उत्तर नेहमी ‘नाही’. पुन्हा ४० रुपये, या वेळी सगळ्यांनाच. मग मराठी आवृत्ती निघते, लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी होतं, आकडे देवनागरीत येतात आणि पार्सफ्लोटला ते वाचताच येत नाहीत. ठिगळाला ठिगळ लावायची ज्यांना हौस आहे त्यांनी इथे रेगेक्स (अक्षरं शोधायचा नमुना) आणखी लांब करावा.

बाकीच्यांसाठी: रक्कम पूर्णांक पैशांत ठेवा आणि रुपये, स्वल्पविराम, चिन्ह हे सगळं पडद्यावर दाखवणाऱ्या रिटर्नच्या आत, अगदी शेवटच्या ओळीत करा. व्हेरिएबलच्या नावाचा शेवट ‘पैसे’ असेल तर तो आकडा, ‘टेक्स्ट’ असेल तर ती स्ट्रिंग. टेक्स्टवाल्यावर गणित दिसलं की रिव्ह्यू तिथेच थांबवायचा. पैशांत ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळून ०.३०००००००००००००००४ होण्याची भानगड बेरजेत येत नाही.

डिलिव्हरीचा नियम साध्या फंक्शनमध्ये: पैसे आत, शुल्क बाहेर, रिॲक्टचा वाससुद्धा नको. टेस्टला चार आकडे पुरतात: ४९,९९९, ५०,०००, ५०,००१ आणि १,०१,५०० पैसे. दुसरा आकडा लिहिताना लगेच प्रश्न पडतो की ‘५०० च्या वर’ म्हणजे ५०० धरून की सोडून. तो मालकाला विचारायचा. कंपोनंटमध्ये लिहिताना हा प्रश्न कोणालाच पडत नाही, तिथे बोटाला जे चिन्ह आधी सापडेल ते पडतं.

‘आज’ कंपोनंटला ठरवू देणं

तारीख निवडायच्या चौकटीत पहिली मोकळी तारीख ‘उद्या’ हवी. कंपोनंट तिथेच न्यू डेट करून आत्ताची वेळ घेतो, टूआयएसओस्ट्रिंग लावून तिचा मजकूर करतो, पहिली दहा अक्षरं कापून घेतो आणि त्यात एक दिवस मिळवतो. टूआयएसओस्ट्रिंग वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देतं आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे मुंबईत रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत त्याचा ‘आज’ म्हणजे आपला ‘काल’. १० तारखेला रात्री एक वाजता गिऱ्हाईक ॲप उघडतं, ॲपला वाटतं अजून ९ च आहे, आणि १० ची ऑर्डर घेतली जाते. सकाळी दुकानात उकड नाही, सारण नाही, आणि फोन मात्र वाजतोय. हा बग सकाळी अकराला ऑफिसात बसून कधीच दिसत नाही.

म्हणून नियमाच्या फंक्शनने घड्याळ बघायचंच नाही. ‘आत्ता’ हे त्याला बाहेरून द्यायचं आणि तारीख काढताना टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा नाव घेऊन सांगायचा. टेस्टमध्ये ००:३०, ०५:२९ आणि ०५:३० या तीन वेळा घाला. चुकीचा कोड पहिल्या दोन वेळांना पडेल, तिसरीला पास होईल. त्यावरून लगेच कळतं की दुखणं यूटीसीचं आहे. हेच गणित सर्व्हरवर हलवून सुटका झाली असं समजू नका, सर्व्हरचा कोड ज्यात चालतो त्या बहुतेक कंटेनरचं घड्याळ यूटीसीवरच असतं.

हुकमध्ये टाकलं म्हणजे वेगळं झालं

नाही झालं. रिॲक्ट १६.८ मध्ये, २०१९ साली हुक्स (कंपोनंटला स्टेट, म्हणजे बदलती माहिती, वगैरे पुरवणारी फंक्शनं) आले, तेव्हापासून कंपोनंटमधल्या दोनशे ओळी उचलून ‘यूजऑर्डर’ नावाच्या फाइलीत टाकायच्या आणि आर्किटेक्चर केलं म्हणायचं, ही रीत पडली आहे. घर तेच, पसारा बेडरूममधून माळ्यावर गेला. कसोटी सोपी: नियमांची फाइल ब्राउझरशिवाय, नुसत्या नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते का? हुकने स्टेट सांभाळावी, सर्व्हरकडून माहिती आणावी, आणि नियम विचारायला साध्या फंक्शनकडे जावं. नियमांच्या फोल्डरमध्ये रिॲक्ट इम्पोर्ट करायला ईएसलिंटच्या (कोड तपासणाऱ्या साधनाच्या) नो-रिस्ट्रिक्टेड-इम्पोर्ट्सने बंदी घाला. माणसाच्या शिस्तीवर फार विसंबू नये, शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच.

उलट टोकही वाईट. प्रत्येक बटणाला एक कंटेनर (माहिती आणणारा) आणि एक दिखाऊ (ती नुसती दाखवणारा) कंपोनंट असल्या जोड्या लावत बसू नका. ही विभागणी २०१५ मध्ये लोकप्रिय करणाऱ्या डॅन अब्रामोव्ह यांनीच २०१९ मध्ये लिहिलं की आता असं तोडायला आपण सांगत नाही.

किरकोळ, पण रोजच्या:

बेरीज वेगळ्या स्टेटमध्ये ठेवून यूजइफेक्टने (रेंडरनंतर चालणाऱ्या हुकने) जुळवत बसू नका, रेंडर करताना, म्हणजे पडदा तयार होताना काढा.

ऑर्डर पोचली की नाही हे ‘पोचली’ या लेबलशी तुलना करून ठरवू नका. भाषांतर करणाऱ्याने ‘पोहोचली’ लिहिलं की अट मेली.

बटण डिसेबल केलं म्हणजे नियम पाळला गेला असं नाही. तीच अट सर्व्हरवर पुन्हा तपासायचीच.

सर्व्हरचा जेसन (त्याने पाठवलेली माहिती) जसाच्या तसा चार पातळ्या खाली उतरवू नका. बॅकएंडवाल्याने एका फील्डचं नाव बदललं की चारही ठिकाणी हात घालावा लागतो.

चालू ॲप असेल तर सगळं नव्याने लिहायला घेऊ नका. आधी पूर्ण कोडमध्ये ५०० शोधा. कार्टमध्ये सापडेल, डिलिव्हरीत सापडेल, चेकआउटमध्ये सापडेल. प्रत्येक जागी नव्या फंक्शनला बोलवा, टेस्ट चालवा, मगच पुढची जागा धरा. आणि होमपेजवरची ‘५०० च्या वर डिलिव्हरी फुकट’ ही पट्टी विसरू नका, तो आकडाही नव्या फंक्शनच्याच कॉन्स्टंटमधून (एकाच जागी लिहिलेल्या आकड्यातून) यायला हवा. नाहीतर मालक मर्यादा ७५० करेल, हिशोब बरोबर होईल, आणि पट्टी पुढच्या गणपतीपर्यंत ५०० च सांगत बसेल.