रॅम चांगली, तरी स्क्रीन काळी: माझा अनुभव

नवा डेस्कटॉप जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच. मदरबोर्डवर रॅमची अडचण दाखवणारा डीरॅमचा बारीक दिवा पेटून बसला होता. डीडीआर५ रॅमच्या पहिल्या मेमरी ट्रेनिंगला (रॅमशी सूर जुळवून घ्यायला) काही मिनिटं लागू शकतात, म्हणून १५ मिनिटं हाताची घडी घालून बसलो. फरक शून्य.

मग एकेक रॅम लावून पाहिली. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वेगवेगळ्या चॅनलचे, म्हणजे रॅम ते प्रोसेसर अशा वेगळ्या वाटांचे असतात. चौथ्यात दोन्ही रॅम आळीपाळीने चालल्या, दुसऱ्यात एकही नाही. म्हणजे रॅम ठणठणीत. आणि मी ती परत पाठवायला खोकं शोधत होतो!

रॅमचा कारभार बघणारा मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे अख्खा चॅनल रुसला की प्रोसेसर बसतो ते सॉकेट तपासावं. वीज काढली, कूलर उतरवला, प्रोसेसर उचलला. एलजीए १७०० सॉकेट, म्हणजे १७०० पिना. वरून सगळं छान दिसत होतं. टॉर्च तिरका धरला तेव्हा एक पिन शेजारणीवर रेललेली दिसली. बहुधा माझ्याच हातची करणी.

भिंगातून बघत बारीक सुईने ती केसाकेसाने सरळ केली. (कॉफी पिऊन हे काम करू नये.) नवी थर्मल पेस्ट लावली, कूलरचे स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडेथोडे आवळले. दोन्ही रॅम दिसल्या. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ चालवलं, चुका शून्य. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) त्यानंतरच चालू केलं.