चोडणच्या चिखलात नीश शोधताना: प्रोजेक्ट घेणाऱ्या नव्या मुलांसाठी

इकॉलॉजी घेतलेली एमएस्सीची मुलं दरवर्षी पावसाळा सरता सरता विचारायला येतात, ‘ताई, प्रोजेक्ट काय घेऊ?’ त्यातली बरीच जण गोव्यातल्या चोडण बेटावर जायचं मनात ठरवूनच आलेली असतात. रायबंदरहून फेरीबोटीत बसायचं, पलीकडे उतरायचं, आणि डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. जागा उत्तमच आहे. पण विषय विचारला की उत्तर येतं, ‘चोडणमधील पक्ष्यांची यादी’.

यादी करू नका. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरची ती खारफुटी, तिथल्या याद्या आधीच बऱ्याच झाल्यात. यादीवरून हजेरी कळते, बस. एवढे सगळे पक्षी एकाच चिखलावर एकमेकांच्या ताटात हात न घालता पोट कसं भरतात, म्हणजेच प्रत्येकाची नीश (जगण्याची स्वतःची जागा आणि रीत) कोणती, हे तिच्यात कुठेच येत नाही, आणि विषय तर तोच आहे.

गॉझ या शास्त्रज्ञाने 1934 साली पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकत्र वाढवल्या आणि स्पर्धेत त्यातली एक संपली, मॅकआर्थरने 1958 साली एकाच स्प्रूसच्या झाडावर वॉर्बलर या छोट्या पक्ष्यांच्या पाच जाती वेगवेगळ्या भागांत चरताना दाखवल्या, हे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं असेलच. ते तिथेच राहू द्या. फील्डवर पहिल्यांदा लागतं ते भरती-ओहोटीचं कोष्टक.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रोज सकाळी सातलाच गेलात तर आज चिखल दिसेल आणि आठवड्याने नुसतं पाणी, आणि तुम्ही वहीत लिहाल की पक्षी कमी झाले. त्यात उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) वेगळं, भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) वेगळी. वेळ घड्याळावरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. तिथल्या होडीवाल्याला विचारलंत तर तो एवढंच सांगेल, ‘सुकती लागली की या.’ म्हणजे ओहोटी लागली की. बरोबर सांगतो.

सुकती लागली की मांडवी नदीच्या काठचा चिखल पट्ट्यापट्ट्याने उघडा पडतो. वरच्या, जरा सुकत आलेल्या पट्ट्यावर चिखल्या असतो. दोन-चार पावलं पळायचं, थबकायचं, पटकन टोचायचं. चोच आखूड, शिकार डोळ्यांनी हेरायची, म्हणजे त्याच्या वाट्याला फक्त पृष्ठभाग. पाण्याच्या कडेला तुतवार शेपटी हलवत फिरतो. उंच लाल पायांचा शेकाट्या सरळ पाण्यातच उभा. आणि कुरल आपली दहा-पंधरा सेंटीमीटरची वाकडी चोच मुळापर्यंत बिळात घालतो, खेकडा ओढून काढतो, झटके देऊन त्याचे पाय तोडतो आणि मग गिळतो. त्यातही मादीची चोच नरापेक्षा लांब. म्हणजे वाटणी एका जातीच्या आतसुद्धा सुरू होते, हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मजेशीर प्रकरण, आणि वर्गात त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

चिखलातल्या पक्ष्यांची ओळख पटायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याला मी खंड्ये सुचवते. लांबूनही ओळखता येतात आणि एका जागी बसतात. कवड्या खंड्या उघड्या पाण्यावर हवेत फडफडत थांबतो आणि तिथूनच सूर मारतो, त्याला फांदी लागतेच असं नाही. छोटा निळा खंड्या पाण्यालगतच्या बुटक्या फांदीवरून बारीक मासे धरतो. मोठ्या लाल चोचीचा घोंगी खंड्या झाडांच्या सावलीतली खाडी सोडत नाही. काळ्या टोपीचा खारफुटीत. आणि आपल्या अंगणातल्या तारेवरही दिसतो तो पांढऱ्या छातीचा तर पाण्यावाचूनही भागवतो. नाकतोडे, सरडे, खेकडे, काहीही चालतं. नशीब असेल तर पांढऱ्या गळपट्टीचा कॉलर्ड किंगफिशर दिसेल. पण प्रोजेक्ट त्याच्या भरवशावर आखू नका.

नोंदीचा कागद साधा ठेवा: वेळ, पाण्याची पातळी, जात, बसायची जागा आणि तिची उंची, शिकारीची पद्धत, काय धरलं, धरता आलं की नाही. दर दहा मिनिटांनी दुर्बिणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवून दिसेल ते लिहायचं. आकडेमोडीला लेव्हिन्सचा निर्देशांक पुरतो, एखाद्या जातीचा वापर किती जागांत पसरलाय हे तो सांगतो: प्रत्येक जागेतल्या नोंदींचं प्रमाण घ्या, प्रत्येक प्रमाणाला त्यानेच गुणून वर्ग काढा, त्या वर्गांची बेरीज करा, एकाला त्या बेरजेने भागा. चार प्रकारच्या जागा समान वापरणाऱ्याचं उत्तर 4 येतं, एकीलाच चिकटून राहणाऱ्याचं 1.

आता व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास अडकवणारा प्रश्न. दोन खंड्ये वेगवेगळ्या उंचीवर बसतात हे दाखवलंत, पण ते स्पर्धेमुळे तसे बसतात हे कशावरून? नुसत्या निरीक्षणातून ते सिद्ध होत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर कॉनेल या शास्त्रज्ञाने खडकाला चिकटून राहणारे कवचवाले बार्नेकल खरवडून काढले; 1961 साली छापलेल्या त्या कामात दिसलं की बलॅनस हा खालच्या पट्ट्यातला बार्नेकल हटवला की वरच्या पट्ट्यात राहणारा थॅमॅलस हा दुसरा बार्नेकल खालीही तगतो. म्हणजे थॅमॅलस खाली जगू शकत होता, बलॅनस जगू देत नव्हता. तुम्ही काही खंड्ये हटवणार नाही. तेव्हा निष्कर्षात ‘वापरात फरक आढळला’ इतकंच लिहा. परीक्षक खूश होतात, आणि खरंही तेच असतं. प्रयोगच करायचा असेल तर पक्षी सोडा आणि हणजुणे-वागातोरच्या खडकांवरचे बार्नेकल बघा. तिथे चौकट टाकून मोजता येतं. खरवडायचं असेल तर मात्र गाइडला आधी विचारा.

राहिलं ते किरकोळ. अभयारण्यात अभ्यास करायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. अर्ज वेळेवर टाका, स्थलांतरित पक्षी मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातात. चिखलात एकटं उतरू नका, मांडवीच्या त्या भागात मगरी आहेत. दुर्बीण 8 बाय 42 ची पुरे. आणि पुढे पर्यावरण आघात अहवालांचं काम करायचं मनात असेल तर नोंदींचा कागद जपून ठेवा. मुलाखतीत ‘किती जाती पाहिल्या’ हे सगळेच सांगतात. कुठला पक्षी कुठल्या पाण्यात, कशावर जगतो हे नोंदींसकट सांगणारे फार थोडे येतात.