फ्रेम बसवल्यावर मॉडेल बोटीची बाजू फुगते: माझा अनुभव

फायबरग्लासच्या हलमध्ये (बोटीच्या बाहेरच्या कवचात) प्लायवूडच्या फ्रेम (आतून आधार देणारे आडवे तुकडे) बसवल्या की बाहेरून उभा उंचवटा दिसे आणि डेकची (वरच्या पृष्ठभागाची) रेषा वाकडी होई. अंदाजाने घासणे, क्लॅम्पने दाबणे सारे व्यर्थ गेले आणि अतिशय वैताग आला.

अखेर हल समतल टेकवून, बोटीच्या आराखड्यातील रुंदीइतक्या आडव्या पट्ट्या वरच्या काठांना चिकटवल्या. मगच फ्रेमच्या जागी पुठ्ठा उभा धरून कंपासने आतला आकार त्यावर उतरवला आणि ३ मिमी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारे प्लायवूड) त्याहून सर्वत्र १ मिमी लहान कापला. ही फट महत्त्वाची, कारण फ्रेमने हलला ढकलता कामा नये. मुंबईच्या पावसाळी दमटपणात प्लाय फुगतो, म्हणून कडांना आधी पातळ इपॉक्सी (घट्ट होणारे रेझिन) पाजले. त्यानंतर हलची आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून फ्रेम चिकटद्रव्याच्या तीन ठिपक्यांवर टेकवली, बाहेरून हात फिरवून खात्री केली आणि भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने फट भरली. ते पूर्ण घट्ट होईपर्यंत पट्ट्या काढल्या नाहीत.