मुलींचा कबड्डी संघ: आवाज कुणाचा, हाक कशी

बाहेरून सर ओरडतात, मुली माना डोलावतात आणि सामना अटीतटीला आला की मॅटवर चिडीचूप. हे टाइमआउटपासून मोडायचं. महिलांच्या सामन्यात १५-१५ मिनिटांची दोन सत्रं असतात आणि प्रत्येक सत्रात प्रत्येक संघाला ३० सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात. सरावात पहिले २० सेकंद कर्णधाराला द्या. तिने दोनच गोष्टी सांगायच्या: पुढची चढाई कुणाची आणि बचावात मॅटचे दोन कोपरे कोण धरणार. उरलेले १० सेकंद प्रशिक्षक म्हणून तुमचे. सुरुवातीला ती बोलण्याआधी तुमच्याकडे बघेल; तेवढ्यात पाण्याची बाटली भरायला निघून जा. कर्णधार शक्यतो कोपऱ्यात बचाव करणारी निवडा. मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसली की मॅटवरचा आवाजही तिच्याबरोबर बाहेर बसतो.

घोट्याची किंवा कमरेची पकड पुरुष प्रशिक्षकाने तोंडी सांगावी, दोन खेळाडूंनी करून दाखवावी. हात लावावाच लागला तर कुठे आणि का ते सांगून, विचारून, सर्वांदेखत.

आता हाकेचं. दणकट, केस कापलेल्या मुलीला ‘आमचा पोरगा’ म्हणणं तुम्हाला कौतुक वाटतं, पण विरोधी संघाच्या हाती चिडवायला आयता शब्द पडतो. ‘बायकांसारखं काय खेळता’ हेही बंद. (मुलींच्याच संघाला हे ऐकवणारे कमी नाहीत!) मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं, त्यामुळे नव्या खेळाडूला एकट्यात विचारा: कोणत्या नावाने हाक मारू, ‘आलीस’ म्हणू की ‘आलास’? उत्तर मिळेपर्यंत सगळ्यांनाच ‘या, धरा, सोडा’ म्हणा. त्यात लिंग येत नाही. कुणी स्वतःविषयी काही सांगितलं, तर परवानगीशिवाय ते घरी किंवा मंडळात पोचवू नका.

ट्रान्स खेळाडू (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा जिची ओळख वेगळी आहे अशी) असेल तर प्रवेशिका भरण्याआधी संयोजकांना पात्रतेचा नियम लेखी विचारा. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं प्रमाणपत्र ओळखीचं असतं; तेवढ्याने महिला गटात प्रवेश मिळेलच असं नाही. हे ऐन सामन्याच्या दिवशी कळलं तर सगळ्यांसमोर शोभा होते.

‘ही मुलगी नाहीच’ असा आरडाओरडा झाला तर वाद घालू नका. तक्रार लेखी मागा आणि नोंदणीची कागदपत्रं संयोजकांपुढे ठेवा. खोलीत नेऊन ‘मुलगी आहे का ते बघून घेतो’ म्हणणाऱ्याला साफ नकार. धावपटू शांती सौंदराजन यांचं २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर गेलं आणि त्यांचं शरीर देशभर चर्चेचा विषय झालं. तुमच्या सामन्यात असा आरडाओरडा झाला तर खेळाडूला एकटं सोडू नका. कर्णधाराला तिच्याजवळ बसवा आणि संयोजकांशी तुम्ही बोला.