लीकेज तपासताना या चुका टाळा

दुरुस्तीला येणारे बहुतेक जुने रेडिओ आधीच कोणीतरी ‘तपासलेले’ असतात, आणि त्या तपासणीत एक चूक हमखास सापडते: कपॅसिटरचे लीकेज, म्हणजे त्याने अडवायला हवा असूनही त्यातून झिरपणारा डीसी प्रवाह, मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर पाहिलेले असते. साधा डिजिटल मीटर या रेंजवर जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतो. सेटमध्ये ज्या कागदी कपॅसिटरवर दीडशे-दोनशे व्होल्ट पडतात, त्याचा दोष एवढ्याशा दाबाखाली उघड होत नाही.

एका तरुणाने आणलेल्या व्हॉल्व्ह सेटमध्ये ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होत असे. त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा व्हॉल्व्ह आणला, तोही तसाच तापला, आणि अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जळाली. “काका, सगळे कपॅसिटर चेक केलेत,” हे मात्र तो ठामपणे सांगत होता. प्रायमरी तुटल्यावर सगळा भार व्हॉल्व्हमधल्या स्क्रीन ग्रिड या जाळीवर येतो, म्हणून मी आधी ईएल ८४ काढून ठेवला. मग आधीच्या टप्प्याचा सिग्नल व्हॉल्व्हच्या ग्रिडला (नियंत्रक जाळीला) देणाऱ्या, पण डीसी अडवणाऱ्या कपलिंग कपॅसिटरचे ग्रिडकडचे टोक सोडवले, ते टोक आणि चॅसिस यांच्यामध्ये डीसी व्होल्टवरचा मीटर क्लिपांनी जोडला आणि त्यानंतरच सेट चालू केला. माझ्या मीटरचा अंतर्गत रोध १० मेगओहम असल्यामुळे त्यावरचा प्रत्येक व्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोअँपिअर. मीटरने ४० व्होल्ट दाखवले, म्हणजे लीकेज ४ मायक्रोअँपिअर. आकडा किरकोळ वाटतो, पण १ मेगओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर त्याचे ४ व्होल्ट होतात, आणि ईएल ८४ चा बायस, म्हणजे प्रवाह आवरून धरणारे ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज, मुळी ७ व्होल्टांच्या आसपास असते; त्यातले निम्म्याहून अधिक असे पुसले गेले की प्लेट तापणारच. काही रुपयांच्या कपॅसिटरपायी दोन व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्सफॉर्मर गेला. हा कपॅसिटर मी आता तपासतही नाही; कागदी दिसला की थेट ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर बसवतो.

कपॅसिटन्स मीटरवर मूल्य बरोबर आले म्हणजे लीकेज नाही, असे समजू नये. गळका कपॅसिटर पुष्कळदा छापील मूल्यापेक्षा जास्तच दाखवतो. सर्किटमध्ये जोडलेला भाग मोजू नये, निदान एक टोक तरी सोडवावे. दोन्ही टोके बोटांनी धरून मोजल्यास मीटर कपॅसिटरबरोबर तुमचे शरीरही मोजतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत उतावळेपणा नडतो. व्होल्टेज दिल्याबरोबर दिसणारा प्रवाह हा चार्जिंगचा असतो, आणि त्यानंतरही लीकेज काही मिनिटे उतरत राहते. पुष्कळ डेटाशीटांमध्ये दोन मिनिटांनंतरची मर्यादा ०.०१ गुणिले मायक्रोफॅरड गुणिले व्होल्ट, इतके मायक्रोअँपिअर अशी दिलेली असते. म्हणजे १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टसाठी २५ मायक्रोअँपिअर. वर्षानुवर्षे पडून राहिलेला कपॅसिटर मी १० किलोओहम रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज वाढवत तासभर ठेवतो आणि मगच निकाल देतो. ज्यांना दहा सेकंदांत उत्तर हवे असते, ते चांगला माल फेकतात आणि सदोष माल परत बसवतात.

एसी १२८ सारखा जर्मेनियम ट्रान्झिस्टर उलट्या दिशेनेही थोडे रीडिंग देतो म्हणून त्याला बाद ठरवू नये. तो मुळातच गळका असतो, आणि बोटांच्या उबेनेही त्याचे लीकेज वाढते. टेबलावर ठेवून, थंड झाल्यावर मोजावा.