फलकावरची मधली वर्षं

आर्किटेक्चर कॉलेजच्या पहिल्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या मॉडेलचं छप्पर काही केल्या चिकटत नव्हतं, आणि समोर जिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या पुरस्कारांचा फलक झळकत होता. तो पाहिला की पोटात गोळा यायचा. मी नाव वाचायचो, बक्षीस वाचायचो. पदवी आणि बक्षीस यांच्या मधली वर्षं मोजायची असतात, हे फार उशिरा लक्षात आलं.

आता मोजतो. २०२५चा प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला जगातला सर्वात मानाचा पुरस्कार, मिळालेले चीनचे लिऊ जियाकुन १९८२ साली पदवीधर झाले. मध्ये गेली ४३ वर्षं. त्यांनी सरकारी डिझाइन संस्थेत नोकरी केली, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, वास्तुकला जवळजवळ सोडलीच होती. १९९३ मध्ये एका वर्गमित्राचं प्रदर्शन पाहिलं आणि परत वळले. स्वतःचं ऑफिस थाटलं ते १९९९ मध्ये. तेव्हा मित्राचं प्रदर्शन आहे आणि ड्रॉइंगची शीट अर्धी आहे, असा पेच पडला तर प्रदर्शनाला जा. (शीट तशीही रात्रीच होते.)

वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांचा क्रम उलटा. बर्लिनमध्ये शिकतानाच त्यांनी पैसे उभे केले आणि बुर्किना फासोतल्या आपल्या गांदो गावात शाळा बांधली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली, पदवी हातात आली २००४ मध्ये, आणि त्याच वर्षी शाळेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. प्रित्झकर त्यानंतर १८ वर्षांनी. थिसिसचा विषय शोधणाऱ्या प्रत्येकाला मी या शाळेचा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं चित्र, हाताने काढायला लावतो. सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा, वर विटांचंच छत, आणि त्याच्याही वर अधांतरी उचललेला पत्रा. तापलेली हवा त्या मधल्या फटीतून निघून जाते. फोटोत हे नुसतं देखणं दिसतं. रेघ ओढताना कळतं.

घरच्यांसाठी केलेलं काम पोर्टफोलिओत घालायला लाजणाऱ्यांनी बांगलादेशच्या वास्तुविशारद मरीना तबस्सुम यांच्याकडे पाहावं. पदवी १९९५ची, ढाक्यातल्या बैत उर रौफ मशिदीला २०१६ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला, ती जागा त्यांच्या आजीने दिलेली. २०२५ मध्ये तोच पुरस्कार पुन्हा, या वेळी 'खुदी बारी'साठी: नदीकाठ खचला की सोडवून दुसरीकडे उभं करता येणारं बांबूचं छोटं घर.

फलकावरच्या चित्र-शिल्पवाल्यांना बक्षीस विचारूच नका, एकल प्रदर्शनाआधी किती वर्षं काम साठवलं ते विचारा.

आणि विचारायचं कसं? आमच्या फलकावरच्या एका ताईंना मी लिहिलं होतं, "पुरस्कार कसा मिळाला?" उत्तर नाही. वर्षभराने पुन्हा लिहिलं, "त्या सपाट छताला गळती लागली का?" दहा मिनिटांत फोन आला. तासभर बोलल्या, गळतीवरच.